मास्तरांना दिलेली लस

दुधाच्या पिशवीशेजारी तापमापक ठेवणारं घर त्या अख्ख्या इमारतीत एकच होतं. दुसऱ्या मजल्यावरचं, जिन्याला लागून. तिथल्या बाई सकाळी उठल्या की आधी चहाचं आधण ठेवायच्या आणि मग फ्रिजचं दार उघडून आत डोकवायच्या. चार डिग्री. पाच डिग्री. एखाद्या दिवशी सहा. ठीक आहे, असं पुटपुटून दार लावायच्या. आत असायचं काय, तर अर्धा लिटर दूध, दोन अंडी आणि कालची उरलेली भाजी. एवढ्याशा ऐवजाला एवढा बंदोबस्त कशाला, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं नसतं. पण विचारायला घरात कोणी नव्हतंच.

बाईंनी अडतीस वर्षं आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज सांभाळला होता. डॉक्टर आले, डॉक्टर गेले, इमारतीला दोनदा रंग लागला, पण फ्रिजची किल्ली बाईंच्या कमरेला ती कमरेलाच. केंद्रातली माणसं त्यांना समोर सिस्टर म्हणायची आणि पाठीमागे बर्फबाई. पुढेपुढे समोरही बर्फबाईच म्हणायला लागली, आणि बाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. नाव काही उगाच पडलं नव्हतं. लसीची पेटी बाहेर न्यायची तर आत बर्फाचे चपटे डबे ठेवतात, आइसपॅक. तो फ्रीझरमधून काढून तसाच पेटीत कोंबायचा नाही, हा बर्फबाईंचा कायदा. आधी टेबलावर ठेवायचा. त्याला घाम फुटू द्यायचा. मग कानाशी नेऊन हलवायचा, आणि आत पाणी खुळखुळलं तरच पेटीत घालायचा. नाहीतर त्याला टेकलेली लस गोठते, आणि फ्लूची लस एकदा गोठली की कामातून गेली. उन्हानं लस बिघडते हे कोणालाही पटतं. थंडीनंही बिघडते हे सांगता सांगता बर्फबाईंच्या तोंडाला फेस यायचा. नव्या सिस्टरांना त्या एकेक आइसपॅक कानाला लावायला लावायच्या, आणि केंद्रात आलेली माणसं हा काय प्रकार म्हणून बघत राहायची.

त्यांचे यजमान गाडी चालवायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आयुष्य गेल्यामुळे मास्तरांचा उजवा पाय कुठल्याही वाहनात बसला की आपोआप ब्रेक दाबायचा. बसमध्येसुद्धा. समोरच्या सीटच्या पत्र्याला त्यांनी लाथा मारून पोचे पाडले होते, असं बर्फबाई म्हणायच्या. मास्तर त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, साखरेचे पेशंट, आणि हट्टाच्या बाबतीत कोणाला हार न जाणारे.

आता मास्तर जाऊन चार वर्षं होत आली होती. पलंगाची त्यांची बाजू बर्फबाई रोज झटकायच्या, चादर ओढून सारखी करायच्या, आणि स्वतःच्या बाजूला कडेवर झोपायच्या. त्यांची एकुलती मुलगी लांबच्या शहरात विमानतळावर सामान तपासायच्या नोकरीत होती. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. बोलणं ठरलेलं. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाणी येतंय ना. थंडी तोंडावर आली की त्यात एका प्रश्नाची भर पडायची.

"आई, फ्लूची लस घेतलीस का?"

"घेतली," बर्फबाई म्हणायच्या.

हे धडधडीत खोटं होतं. अडतीस वर्षं गावभर दंडात सुया टोचणाऱ्या बाईंनी मास्तर गेल्यापासून स्वतःच्या दंडाला सुई लावून घेतली नव्हती. का, ते त्या एकट्यांनाच माहीत होतं, आणि तेच त्यांच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं.

ते असं झालं होतं. बर्फबाईंच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. केंद्रात फ्लूच्या लसीची मोहीम चालू होती आणि मास्तर यायला तयार नव्हते.

"त्या रांगेत माझ्याकडे शिकलेली निम्मी माणसं उभी असतात," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर बाही वर करून ओरडू का मी?"

"ओरडताय कशाला? मुंगी चावल्यासारखं होतं."

"मुंगी चावली तरी मी ओरडतो, हे तुला चांगलं माहीत आहे. तू घरीच घेऊन ये ना. घरात सिस्टर असल्याचा एवढा तरी फायदा!"

बर्फबाईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसून हो म्हणाले. शनिवारचा अर्धा दिवस होता. पाणी सुटलेले आइसपॅक सगळे बाहेरच्या कामावर गेलेल्या पेट्यांतून निघून गेले होते. फ्रीझरमध्ये एकच उरला होता, दगडासारखा टणक. तासभर थांबायला हवं होतं. पण बस सुटायला दहा मिनिटं होती, पुढची थेट संध्याकाळी, आणि मास्तर जेवायचे थांबले होते. बर्फबाईंनी लस भरूनच येते त्या सिरिंजचं खोकं कागदी रुमालात गुंडाळलं आणि त्या आइसपॅकशेजारी डब्यात ठेवून बस पकडली. एवढ्याशा वेळात काय होतंय, असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला उभा आडवा घेतला असता. त्या दिवशी ते त्यांनी स्वतःशीच म्हटलं.

घरी येऊन डबा उघडला तर खोक्यावर हिमाची पातळ साय धरली होती. आइसपॅक हलवला, आत काही वाजलं नाही. सिरिंज उजेडाकडे धरून बघितली. औषध पातळच होतं. पण गोठून पुन्हा विरघळलं असेल तरी ते असंच दिसणार होतं. काही लसी हलवून बघितल्या की गोठल्याचं कळतं. हिचं तसं नाही, नुसतं बघून काही समजत नाही.

टाकून द्यायची आणि सोमवारी दुसरी आणायची, इतकं साधं होतं ते. पण टाकली तर वाया गेलेल्या डोसांच्या वहीत लिहावं लागलं असतं, आणि त्या वहीत अडतीस वर्षांत बर्फबाईंच्या नावापुढे एकही ओळ नव्हती. निरोप समारंभात डॉक्टर हेच सांगणार होते, तसं ते आधीच बोलून गेले होते. बर्फबाई सिरिंज हातात धरून मोरीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"अगं आटप," मास्तर बाही वर करून ओरडले. "बातम्या लागतील आता."

बर्फबाईंनी लस टोचली. मास्तर ठरल्याप्रमाणे ओरडले, मग हसले, आणि बातम्या लावून बसले.

पुढे महिन्या-दीड महिन्यानं मुलगी पाच दिवसांसाठी आली. प्रवासानं इतकी थकली होती की पहिले दोन दिवस झोपूनच होती. मास्तर तिच्या उशाशी बसून तिला जुन्या शिकाऊंच्या फजित्या सांगायचे. ती परत गेली आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना ताप भरला. चौथ्या दिवशी धाप लागली. दवाखान्यात नेलं, तपासणीत फ्लू निघाला, तो फुप्फुसात उतरला होता.

"लस घेतली होती का?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो," बर्फबाई म्हणाल्या. "मीच दिली."

"मग आजाराचा जोर थोडा कमी राहील. या वयात तेवढ्यानं पूर्ण थांबतोच असं नाही."

बर्फबाईंनी मान हलवली. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. नवव्या दिवशी मास्तर गेले. दोन महिन्यांनी निरोप समारंभ झाला, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या बाईंच्या हातून अडतीस वर्षांत एक डोस वाया गेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बर्फबाईंना तिथून पळून जावंसं वाटलं.

बापाचं कळल्यावर मुलगी धावत परत आली होती, चार दिवस राहिली होती. एका खोलीत राहून मायलेकी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. मुलगी आईच्या नजरेला नजर देत नव्हती. हिला कळलंय, बर्फबाईंच्या मनानं घेतलं. त्यानंतर ती एकदाही घरी आली नाही. सुट्टी मिळत नाही म्हणायची. चार वर्षांत चार दिवसांची सुट्टी मिळत नाही, अशी नोकरी जगात नसते. पण बर्फबाई विचारायच्या नाहीत. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर काय करायचं, ही धास्ती होती.

तर यंदाही थंडीआधी केंद्राची मोहीम निघाली. आताशा केंद्राची माणसं इमारतींत येऊन साठीच्या पुढच्यांना लस देत. त्या सकाळी खालच्या मजल्यावर टेलरांच्या खोलीत सगळे जमले होते. टेलर आता शिवत नव्हते, पण खोली मोठी होती आणि कापडं बेतायचं लांब टेबल अजून तसंच होतं. एकूण अकराजण होते. नवी सिस्टर आली होती. पस्तिशीची, जुळ्यांची आई, डोळ्यांखाली काळं. तिनं यादी काढली आणि बर्फबाईंचं नाव वाचून थबकली.

"सिस्टर, तुमच्या नावापुढे तीन वर्षं नकार लिहिलाय. बरोबर आहे ना?"

"चौथा लिही," बर्फबाई म्हणाल्या. त्या नुसत्या टेलरांची बरणी परत द्यायला खाली आल्या होत्या.

"बघा, केंद्रातल्या बाईच घेत नाहीत," टेलर म्हणाले. त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. "मी गेल्या वर्षी घेतली आणि तरी चार दिवस आडवा होतो. काय उपयोग झाला सांगा?"

याचं उत्तर बर्फबाईंनी आयुष्यभर दिलं होतं. चार दिवस पडलात आणि पाचव्या दिवशी उठलात, हाच उपयोग. पण ते उत्तर त्यांच्या तोंडून निघेना. त्या जायला वळल्या, तेवढ्यात नवी सिस्टर पेटीचं झाकण उघडत होती आणि बर्फबाईंची नजर सवयीनं आत गेली.

आइसपॅक पांढरेफटक होते. घामाचा एक थेंब नव्हता. सिरिंजची खोकी त्यांना अगदी चिकटून बसली होती.

बर्फबाईंनी न विचारता हात घातला, एक आइसपॅक काढला आणि कानाशी हलवला. टेलरांना हसू आलं. आत काही वाजलं नाही.

"कधी भरलीस पेटी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"झाला अर्धा तास. का हो?"

"फ्रीझरमधून काढून लगेच?"

नव्या सिस्टरचा चेहरा उतरला. "पोरांमुळे उशीर झाला आज. गाडी निघायला आली होती." तिनं एक सिरिंज उचलून उजेडाकडे धरली. "दिसायला तर चांगली आहे."

"चांगलीच दिसते ती," बर्फबाई म्हणाल्या. "मलाही चांगलीच दिसली होती."

हे शब्द तोंडातून गेले आणि बर्फबाईंनी टेबलाची कड धरली.  नव्या सिस्टरनं झाकण लावलं आणि त्यांच्या कोपराला हात लावून त्यांना बाहेर जिन्याशी आणलं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बर्फबाईंनी सगळं सांगितलं. मास्तर, शनिवार, बस, खोक्यावरची हिमाची साय, वाया गेलेल्या डोसांची वही. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही जिचं पूर्ण नाव माहीत नाही अशा बाईला. रडू आलं नाही. 

"म्हणजे ती गोठली होती की नाही, हे नक्की माहीत नाही?" नव्या सिस्टरनं विचारलं.

"नाही."

"आणि चांगली असती तर मास्तर वाचले असते का?"

बर्फबाई हातानं शेजारची पायरी झटकू लागल्या.

"आपणच सांगतो ना सगळ्यांना," नवी सिस्टर म्हणाली. "म्हाताऱ्या माणसात लस तरण्यांइतका जोर धरत नाही. घेतलेल्यांतले कमी आजारी पडतात, त्यातले आणखी कमी दवाखान्यात जातात. काही वर्षी फरक चांगला पडतो, काही वर्षी बेताचा. पण कमी म्हणजे कोणीच नाही असं नव्हे. चांगली लस घेऊनही जातात माणसं."

"हे पाढे मला पाठ आहेत गं."

"मग?"

"मग काय? मी मारलं म्हणावं तर खात्री नाही. नाही मारलं म्हणावं तरी नाही. कोणाकडे जाऊन विचारू?" बर्फबाईंचा आवाज चढला. "चूक पक्की असती तर तिला धरून रडले तरी असते. हे असं अधांतरी घेऊन मी एकटी बसलेय वर त्या खोलीत."

नव्या सिस्टरनं यावर उगीच काही जोडून सांगितलं नाही, हे तिचं थोरपण.  ती सरळ आत गेली, आणि बर्फबाईंनी दाराआडून ऐकलं ते असं.

"माझी चूक झालीय. बर्फ जास्त कडक होता, लस गोठलेली असू शकते. ही मी कोणाला देणार नाही. दोन तासांत दुसरी घेऊन येते. ही सगळी माझ्या नावावर वाया गेली म्हणून लिहिते."

आत एकच गलका झाला. दोघं पाय आपटत निघून गेले. एका बाईंनी केंद्राचा उद्धार केला. टेलर म्हणाले, "सकाळपासून बाही वर करून बसलोय, आता खाली करतो." नवी सिस्टर मान खाली घालून सगळं ऐकत उभी होती, आणि मग पेटी उचलून चालू पडली. बर्फबाई तिच्याकडे बघत राहिल्या. अकरा डोस, भर सकाळी, सगळ्यांसमोर. आपल्याला एक जमला नाही, मोरीच्या दाराशी, जिथे बघायला कोणी नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की जिना चढवेना.

बारा वाजता नवी सिस्टर परत आली. या वेळी आइसपॅक घामेजले होते. तिनं स्वतःहून एक बर्फबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो हलवला, ऐकला आणि मान डोलावली. उरलेले नऊ जण एकेक करून टोचून घेऊ लागले. टेलर आले आणि पुन्हा तेच, "उपयोग काय पण?"

"चार दिवस पडलात आणि उठलात ना?" बर्फबाई म्हणाल्या. "मग? गप बसा आणि दंड सैल सोडा."

सगळे झाल्यावर खुर्ची रिकामी झाली. बर्फबाई तिच्यावर बसल्या आणि बाही वर सरकवली. मास्तरांना वाया गेलेली लस देऊन आपण मात्र चांगली घ्यायची, हे त्यांच्या मनाला चार वर्षं रुचलं नव्हतं. अजूनही रुचत नव्हतं. नव्या सिस्टरनं काही न बोलता सुई टोचली. बर्फबाईंचे डोळे भरून आले, आणि दुखलं म्हणून आले असं टेलरांना वाटलं.

रविवारी दुपारी फोन आला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाणी येतंय ना.

"लस घेतलीस का, आई?"

"घेतली. परवा. पण मागली तीन वर्षं घेतली नव्हती. तुला खोटं सांगितलं."

 बर्फबाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि थांबलं तर पुन्हा जमणार नाही म्हणून एका दमात सांगून टाकलं. बाबांना दिलेली लस बहुतेक गोठलेली होती. मला शंका होती आणि तरी मी दिली. नाव खराब होईल म्हणून दिली. तुला हे तेव्हाच कळलं असणार, म्हणून तू येत नाहीस, मला समजतं ते.

 पलीकडून मुलीचा रडण्याचा आवाज आला. लहानपणी यायचा तसा, श्वास अडकून.

"आई, मला ताप होता," ती म्हणाली.

"कधी?"

"तेव्हा आले होते ना. इकडे यायला निघायच्या आदल्या दिवशीपासून. तिकडे आमच्यात सगळे आजारी होते. मी तापाची गोळी घेऊन गाडीत बसले. सुट्टी कशीबशी मिळाली होती, आणि तुला सांगितलं असतं तर तू मला बाबांजवळ फिरकू दिलं नसतंस. मी लसही घेतली नव्हती त्या वर्षी. रांगेला वेळ नव्हता. बाबा दिवसभर माझ्या उशाशी बसायचे गं." ती थांबली. "मीच आणला तो घरात. तुला ते कळलंय, म्हणून तू तेव्हा माझ्याशी बोलत नव्हतीस, असं मला वाटत होतं. कुठल्या तोंडानं येऊ मी?"

बर्फबाईंनी डोळे मिटले. दर वर्षी थंडीआधी या पोरीनं लस घेतलीस का विचारलं होतं, आणि दर वेळी आपण तिला घेतली म्हणून वाटेला लावलं होतं. दोन खोल्यांत दोघी, एकच माणूस आपण मारला असं धरून बसलेल्या. तुझं खरं की माझं खरं, की दोघींचंही नाही, हे सांगू शकेल असं कोणीच नव्हतं, आणि पुढेही असणार नव्हतं. तुझा काही दोष नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण हे त्यांना स्वतःला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, म्हणून ते त्यांनी म्हटलं नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. "उद्या जाऊन लस टोचून घे. मग दोन आठवडे थांब. आणि ये."

पलीकडून नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. बर्फबाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.